पावसासाठीचा खर्च, रस्त्यासाठीचा खर्च

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. खानापूर तालुक्यात आजोबांच्या काळातलं मातीच्या भिंतींचं कौलारू घर. राहणारी माणसं 6. तुम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला, हातात येणारा पगार 38,000. शेजारच्या चुलतभावानं आपल्या वाटणीचा भाग पाडून दुमजली स्लॅबचं घर उठवलंय. पुढच्या वर्षी गावची लक्ष्मी यात्रा. वहिनींचं, म्हणजे तुमच्या बायकोचं, म्हणणं, पाहुणे यायच्या आत आपलंही व्हायला पाहिजे. मुलांना मित्र घरी आणायची लाज वाटते. वडील म्हणतात, आमचा जन्म ह्यात गेला, आहे त्यात भागवा. तुम्ही विचारता की साधं राहणं हे शहाणपण की नुसती पळवाट, आणि 20 लाखांचं कर्ज काढून घर पाडावं का.

मी बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत नवी घरं बांधतो, जुनी दुरुस्त करतो. उत्तर आधीच देऊन टाकतो: घर पाडू नका, पण वडिलांचंही ऐकू नका.

आपल्या भागात घरावरचा खर्च मी दोन खात्यांत टाकतो. एक पावसासाठीचा, दुसरा रस्त्यासाठीचा. छप्पर, जोतं, पाण्याचा निचरा, वायरिंग, न्हाणी, संडास, स्वयंपाकघरातला उजेड, हे पहिल्या खात्यात. दर्शनी भिंतीच्या टाइल्स, स्टीलचं रेलिंग, हॉलमधलं पीओपी, कंपाउंडच्या खांबावरचे दिवे हे दुसऱ्यात, कारण ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावेत म्हणून असतात. दुसरं खातं वाईट असं मी म्हणत नाही. माणसाला मिरवावंसं वाटतं आणि माझ्याकडची चार कामगार पोरंही त्यावरच कामाला असतात. पण पहिलं खातं रिकामं ठेवून दुसरं भरलेली घरं मी इतकी बघतोय की आता प्लॅन हातात आला की आधी हीच विभागणी करतो.

यात्रेचं आधी बोलू, कारण खरी घाई तिथली आहे. आपल्याकडं लक्ष्मी यात्रा कुठं 5 वर्षांनी, कुठं 12, कुठं त्याहून जास्त. यात्रा ठरली की वर्षभर आधी आमचे फोन वाजायला लागतात. ‘यात्रेच्या आत पाहिजे’ ही एकच अट. त्या घाईत काय होतं ते सांगतो. स्लॅबवर पाण्याची आळी करून किमान 10, शक्यतो 14 दिवस पाणी धरायचं असतं. तिथं चार दिवसांत वरचं बांधकाम सुरू होतं. गिलावा वाळायच्या आत पुट्टी, पुट्टी वाळायच्या आत रंग. फोटोत घर झकास दिसतं. पुढच्या श्रावणात त्याच भिंतीला पोपडे धरतात आणि मालक मला फोन करून रंगाच्या कंपनीला शिव्या देतो.

आणि यात्रेला येणारा पाहुणा तुमच्या घरात किती वेळ असतो? तो दारातल्या मांडवात बसतो, पंगतीला जेवतो, देवीला जाऊन येतो आणि पुढच्या घरी जातो, कारण त्याला त्याच गावात चार घरची आमंत्रणं असतात. त्याला तुमच्याकडून लागतं हात धुवायला भरपूर पाणी, स्वयंपाकाला ऐसपैस जागा आणि बायकांसाठी धड संडास. हे तिन्ही पहिल्या खात्यातलं.

आता कर्ज. दुमजली म्हणजे 1,500 ते 1,600 चौरस फूट. साधं पण बरं काम साहित्यासकट चौरस फुटाला साधारण 2,000 रुपये धरा, म्हणजे 30 लाखांच्या वर. तेव्हा 20 लाखांच्या कर्जात हे घर होतच नाही. वरचे 10-12 लाख वहिनींच्या दागिन्यांतून, पिग्मीतून (रोज थोडी थोडी भरलेली बचत), सौहार्द सहकारी सोसायटीतून किंवा मेव्हण्याकडून उभे करावे लागतात, आणि ते कागदावरच्या हिशेबात कुणी धरत नाही. 20 लाखांना 9 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता महिन्याला 18,000 च्या आसपास येतो. पहिल्या हप्त्यातले 15,000 नुसते व्याजाचे, मुद्दलातून फिटतात जेमतेम 3,000. वीस वर्षांत भरायचे एकूण 43 लाखांच्या वर. तुमच्या 38,000 मधून हप्ता गेला की 20,000 उरतात, त्यात सहा माणसांचं खाणं, दवाखाना, मुलांची फी, पेट्रोल. फाउंड्रीत ऑर्डर कमी झाल्या की ओव्हरटाइम आधी जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. चुलतभावाचं गणित वेगळं असेल, नसेल, मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. त्याचं घर बघून आपला हप्ता ठरवायचं कारण नाही.

हे झालं ‘जास्त हवं’ म्हणणाऱ्यांसाठी. आता वडिलांकडं वळतो, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय.

‘आम्ही साधे राहिलो’ असं म्हणणाऱ्या घरात मी पहिल्यांदा मागच्या दारी जातो. तिथं साधेपणा म्हणजे काय ते दिसतं. सरकारी नळयोजनांत माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरतात. सहा माणसांचे झाले 330 लिटर. 15 लिटरच्या घागरीनं धरलं तर 22 खेपा. टाकी बसवली नसेल तर ह्या खेपा कोण करतं? नळ आला तरी तो अंगणात एका कोपऱ्यात आणि न्हाणी दुसऱ्या टोकाला. चुलीसमोर उकिडवं बसून भाकऱ्या कोण थापतं, धुरानं डोळे कुणाचे जातात, आणि रात्री पावसात बॅटरी घेऊन मागच्या परड्यातल्या संडासाला जाताना पाय कुणाचा घसरतो? तुमची आई आता साठीच्या पुढं असणार. वडील सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून ‘आहे त्यात भागवा’ म्हणतात तेव्हा भागवण्याचं काम दोन बायका करत असतात. जे राहणं एकाला हलकं आणि दुसऱ्याला जड, त्याला मी साधं म्हणत नाही. त्यामुळं वहिनींना ‘हाव’ आहे असं घरात कुणी बोलत असेल तर ते बंद करा. त्यांना आधी विचारा की नेमकं काय हवंय. अशा घरांत बायकांनी सांगितलेल्या यादीत वरचा मजला क्वचितच पहिला येतो. पहिला येतो आत घेतलेला संडास आणि उभं राहून स्वयंपाक करता येईल असा ओटा.

बेळगावचंच एक उदाहरण आठवतं म्हणून सांगतो. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. काटकसरीवर गांधीजींचा केवढा कटाक्ष, तरी पाण्यासाठी विहीर खणलीच. तेव्हाचे मांडव आणि तंबू कधीच गेले, विहीर अजून आहे. काँग्रेस विहीर म्हणूनच लोक ओळखतात. असो.

घर टिकेल का, हा तुमचा खरा तांत्रिक प्रश्न. ऑगस्ट 2019 च्या पुरात आपल्या जिल्ह्यात मातीची घरं धडाधड पडली, तेव्हापासून ‘मातीचं घर म्हणजे धोका’ असं लोकांच्या मनात बसलंय. भीती खरी आहे, पण अशी भिंत ढासळते ती बहुतेक वेळा पायाकडून. बुडाशी पाणी साचून राहतं, माती मऊ होते, वरचं वजन पेलत नाही. तुमचं जोतं जांभ्याचं आहे आणि अंगणापासून दीड-दोन फूट वर आहे असं तुम्ही लिहिलंय. ही मोठी जमेची बाजू. आता एवढं बघा: पागोळीचं पाणी जोत्यापासून किती लांब पडतं? वळचण दोन फुटांपेक्षा कमी बाहेर असेल तर झड थेट भिंतीला लागते आणि शिंतोडे बुडाला. चुलतभावानं त्याच्या बाजूचा भराव उंच केला असेल तर त्याच्या अंगणाचं पाणी तुमच्या भिंतीशी येतंय का, हेही बघा. त्याच्या दोन मजल्यांपेक्षा ह्या पाण्याची काळजी जास्त करा, आणि त्याच्याशी त्यावरच बोला. मध्ये एक गटार दोघांच्या खर्चानं होऊ शकतं.

मग छप्पर. माळ्यावर चढा, बॅटरी घ्या आणि एक स्क्रू ड्रायव्हर. वासा भिंतीत जिथं टेकतो तिथं टोचून बघा. वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते, मधला भाग ठणठणीत असतो. टोक भुसभुशीत लागलं तर तेवढा वासा बदलायचा किंवा टोक कापून नवा तुकडा जोडायचा. जुन्या साग-मत्तीच्या तुळया आज बाजारात घ्यायला गेलात तर तोंडात बोटं घालाल अशा किमती आहेत, आणि पाडलेल्या घराच्या त्याच तुळया जुनं लाकूड घेणारा कवडीमोलानं उचलतो. रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) मात्र सगळ्या बदला, त्यात काटकसर नको. कौलं फुटली असतील तेवढीच बदला. एका ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, साधारण 150 कौलं बसतात. अडचण अशी की वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि तिथंच गळतं. तुमच्या भावाचं घर आणि तुमचं एकाच छपराखालचं होतं, म्हणजे कौलंही एकाच छापाची. त्याच्या परड्यात ढीग पडून असेल तर भंगारात जायच्या आत मागून घ्या.

भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा मोह होईल, गवंडीही तेच सुचवेल कारण त्याला ते सोपं जातं. करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत अडकते, ओल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखं. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि मातीसकट सुटून येतो. आतून-बाहेरून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. फक्त न्हाणी आणि ओट्यामागची भिंत पक्क्या विटेची, सिमेंटमध्ये, आणि ती मूळ भिंतीला चिकटून नाही तर वेगळी उभी करायची.

स्लॅबबद्दल एकच सांगतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला गाडीवरून फिरून या आणि आठ-दहा वर्षं झालेल्या स्लॅबच्या घरांच्या डोक्यावर काय आहे ते बघा. पत्रे! स्लॅब गळायला लागतो, डांबर मारून होतं, केमिकल मारून होतं, शेवटी लोखंडी अँगल उभे करून उतरतं पत्र्याचं छप्पर. म्हणजे एवढा खर्च करून माणूस पुन्हा उतरत्या छपराखालीच येतो. आणि ज्या स्लॅबवर पत्रे नसतात तिथं सळया वर आलेल्या दिसतात, ‘पुढं वर चढवू’ म्हणून ठेवलेल्या. सिमेंटचं पाणी मारून झाकलेल्या नसल्या तर चार पावसांत त्या गंजून पापुद्रे धरतात, पुढं त्यावर खांब चढवायला मी तरी तयार होत नाही.

नव्या घरांत माणसं राहतात कशी, हेही बघण्यासारखं असतं. आमच्याच एका गिऱ्हाईकाचं घर, हॉलमध्ये सात जणांचा सोफा, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर अजून तसंच. काचेच्या शोकेसमध्ये कप. मॉड्युलर किचनमध्ये चिमणी, खाली गॅसच्या शेगडीवर झाकण घातलेलं. कुटुंब सगळं मागच्या पत्र्याच्या पडवीत, तिथंच चूल, तिथंच पाटा, तिथंच आजीची खाट आणि पोरांचा अभ्यास. विचारलं तर घरच्या बाई म्हणाल्या, ‘पुढं फोडणी टाकली की वास बसतोय हो सोफ्याला.’ राहण्याची जागा त्यांनी पैसे न घालता केली आणि पैसे घालून जी केली तिला कुलूप. तुमच्या घरात ही पडवी आधीच आहे. तीच नीट करा.

शिवाय दुमजली प्लॅनमध्ये भाताची पोती कुठं ठेवणार ते कुणी काढलेलं नसतं. घरचं भात असणारी माणसं तुम्ही. माळा गेला की पोती जिन्याखाली जातात, तिथं उंदीर. म्हैस असेल तर गोठा, गवताची गंजी, पावसाळ्याची जळणं. ह्या सगळ्याला जुन्या घरात ठरलेली जागा आहे.

माझ्या अंदाजानं 7 लाखांत तुमचं काम होतं. छपराची दुरुस्ती, जोत्याभोवती फरशीबंदी आणि गटार, कडेनं पन्हळ. मागच्या पडवीला पक्की करून त्यात स्वयंपाकघर, साधारण 33 इंच उंचीचा कडाप्प्याचा ओटा, त्यावर पूर्वेची खिडकी. घरातून थेट जाता येईल अशी न्हाणी आणि कमोडचा संडास, भिंतीला धरायला दांडा. वर 1,000 लिटरची टाकी. सगळं वायरिंग नवं, अर्थिंगसकट, आणि मीटरपाशी गळतीचा करंट आला की वीज तोडणारा आरसीसीबी. मातीच्या ओल्या भिंतीत जुनी वायर हा पुरापेक्षा रोजचा धोका आहे. माजघरात उजेड नाही ही मुलांची तक्रार असणार. छपरात चार-पाच काचेची कौलं बसवली की दिवसा दिवा लावावा लागत नाही. सोप्याच्या एका टोकाला दोघांना बसता येईल असं लांब टेबल, वर कोनाड्यांत पुस्तकं. मित्र आले की पोरं तिथं बसतील. मुलांना लाज वाटते ती कौलांची नसते, अंधाराची आणि परड्यातल्या संडासाची असते.

7 लाखांना 9 टक्क्यांनी 7 वर्षांचा हप्ता 11,300 च्या आसपास, एकूण भरणा साडेनऊ लाखांच्या आत. थोडी पिग्मी मोडून कर्ज 5 लाखांवर आणलंत तर आणखी सोपं. यात दर्शनी भागासाठी मी 50,000 वेगळे ठेवायला सांगेन. वहिनींना हवा तो दरवाजा, हवा तो रंग, सोप्याला चांगली फरशी, तुळशीवृंदावन नवं. यात्रेला घर सजलेलं दिसलं पाहिजे, त्यात गैर काही नाही.

वस्तूंचं थोडक्यात. प्लायवूडची भिंतभर कपाटं आपल्या पावसाळ्यात करू नका. जुलैत दारं फुगून बसत नाहीत आणि आत ठेवलेल्या पैठणीला बुरशी. उघडी फडताळं आणि एक लोखंडी कपाट पुरतं. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन जरूर घ्या, ह्यातली प्रत्येक वस्तू कुणाचे तरी हात मोकळे करते. गिझर घेताना हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल डोळ्यांसमोर ठेवा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 2023 पासून आधीच्या वापराच्या सरासरीवर थोडं जास्त धरून, कमाल 200 युनिटपर्यंत वीज माफ होते, पण 200 ओलांडले की पूर्ण बिल भरायचं. दोन किलोवॉटचा गिझर रोज तासभर चालला की महिन्याला 60 युनिट तोच खातो. अंगणातला बंब चांगला असेल तर त्याला निवृत्त करायची घाई नको. एसीची गरज कौलांखाली माळा असलेल्या घरात, तेही आपल्या हवेत, मला तरी कधी वाटली नाही.

एक रुपया घालायच्या आधी कागद बघा. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा लावून घ्या. पंचायतीत ई-स्वत्तूचा, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीचा, उतारा तुमच्या किंवा वडिलांच्या नावानं निघतो का ते तपासा, त्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या कायद्यानंतर मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. तुमच्या आत्या आणि बहिणींशी आत्ताच मोकळं बोलून वाटणीपत्र नोंदवून घ्या. घराला लाखो रुपये लावल्यावर हा विषय निघतो तेव्हा नाती आणि पैसे दोन्ही अडकतात. चुलतभावाची वाटणी तोंडी झाली असेल तर तीही त्याच कागदात येऊ द्या.

कामाचं वेळापत्रक असं ठेवा. गवंडी आणि सुतार दिवाळीच्या आत ठरवून इसार द्या. यात्रेच्या वर्षात पंचक्रोशीतले सगळे गवंडी गुंतलेले असतात आणि फेब्रुवारीत शोधायला निघालात तर मजुरी दीडपट मागतील. काम मजुरीवर द्या, साहित्य स्वतः आणा, विटा खानापूरच्या भट्टीवर जाऊन दोन एकमेकींवर आपटून घ्या. सुगी आटोपून भात माळ्यावर चढायच्या आधी, म्हणजे डिसेंबरात, जोतं, गटार आणि न्हाणी-संडास. पोती त्या वर्षापुरती नातेवाइकांकडं ठेवा. छप्पर फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरवा, तेही अर्धं-अर्धं, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात राहता येतं आणि भाड्याचं घर बघावं लागत नाही. एप्रिलमध्ये वळीव कधीही गाठतो, तेव्हा कौलं उतरवायच्या आदल्या दिवशी दोन मोठ्या ताडपत्र्या आणि सुंभ घरात हवेत. गिलाव्याला वाळायला महिना द्या, सफेदी त्यानंतर. बिलं सगळी एका फाइलीत लावत चला. बँक कर्जाचा पुढचा टप्पा सोडताना तीच मागते.